बहुसंख्य झाल्यावर

अहिल्यानगर,
नोव्हेंबर २०२५

चि. अमोल,
जय ख्रिस्त.

तुझा मोठा मेसेज मिळाला. फोनवर मुलं मध्येच येतात आणि महत्त्वाचं तेवढं राहून जातं, म्हणून लिहायला बसले.

तू अमेरिकेचा सिटिझन झालास, मार्चमधल्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या निवडणुकीत, पहिल्यांदा मत देणार आहेस, याचा मला फार आनंद आहे. तुझं एक वाक्य तर मनात घर करून राहिलं: ‘आई, येशूचं नाव घेतलं की कुणी वळून बघत नाही, अशा गावात मी पहिल्यांदाच राहतोय.’ त्यात काय सुख आहे ते मी ओळखते. ‘पोटासाठी बाटलेले’ हे शब्द तू शाळेत ऐकलेस, तुझ्या वडिलांनी ऐकले, आजोबांनीही ऐकले. चारचौघांत मिसळून जाण्याची ओढ तुला लागली, यात नवल नाही.

पण खाली तू आणखी दोन गोष्टी लिहिल्या आहेस. एक, तुमचे पाळक वेदीवरून म्हणाले की अमेरिका ख्रिस्ती राष्ट्र म्हणून स्थापन झाली, ते आता परत मिळवायचं आहे, आणि दुसऱ्या पक्षाला मत देणारा ख्रिस्ती असूच शकत नाही. दुसरी, तिथेच राहणाऱ्या सुहासशी तुझं बोलणं बंद झालं आहे. मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. पहिलीतूनच दुसरी निघाली आहे.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला, तेव्हा आधी इतिहासाबद्दल सांगते. तिथल्या वसाहती ख्रिस्ती माणसांनी वसवल्या, हे खरं. कित्येक ठिकाणी सरकारी चर्च होतं आणि त्यासाठी कर द्यावा लागे, हेही खरं. पण देशाची घटना लिहायला बसल्यावर त्याच माणसांनी तिच्यात देवाच्या नावाने राज्य स्थापलं नाही. सहाव्या कलमात लिहिलं की कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही. १७९१च्या पहिल्या घटनादुरुस्तीने सरकारला कोणताही धर्म राजधर्म करायला मनाई केली आणि प्रत्येकाला आपला धर्म पाळायची मोकळीक दिली. १७९७ साली त्रिपोलीशी तह झाला. अमेरिकेचं सरकार कोणत्याही अर्थाने ख्रिस्ती धर्मावर उभारलेलं नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. सिनेटने तो तह एकमताने मंजूर केला आणि अध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी त्यावर सही केली.

यात आपल्या घरचाही एक धागा आहे. नगरला १८३१ साली जे मिशनरी आले, ते ज्या अमेरिकन बोर्डाचे होते ते, परदेशी मिशनरी पाठवणारं मंडळ, १८१० साली मॅसॅच्युसेट्समध्ये स्थापन झालं होतं. ते लोक काँग्रिगेशनल पंथाचे. त्यांच्या त्या राज्यात १८३३पर्यंत त्यांच्याच पंथाच्या चर्चला लोकांच्या करातून पैसा मिळत असे. म्हणजे ते इथे दुष्काळी मुलखात शुभवर्तमान सांगत फिरू लागले, तेव्हा त्यांच्या घरी अजून चर्चसाठी कर वसूल होत होता. त्या कराविरुद्ध कोण लढलं? बॅप्टिस्ट. तू ज्या मंडळीत जातोस तिचेच पूर्वज. न्यू इंग्लंडमध्ये असा कर नाकारणारे तुरुंगात गेले, आणि व्हर्जिनियात परवान्याशिवाय उपदेश केला म्हणून बॅप्टिस्ट उपदेशकांना कोठडीत टाकलं. धर्म आणि राज्य यांच्यामधली भिंत हे अध्यक्ष जेफर्सन यांचं प्रसिद्ध वचन आहे ना, ते १८०२ साली कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. ती भिंत देवाला शत्रू मानणाऱ्यांनी बांधली, असं तुमच्याकडे सांगत असतील, तर त्यांना हे जरूर सांग.

कनेक्टिकटमध्ये १८१८ साली सरकारी चर्चचा कारभार संपला. लायमन बीचर नावाचे पाळक आधी त्या बदलाविरुद्ध जिवाचं रान करत होते. आता चर्च बुडणार, असं त्यांना वाटत होतं. नंतर त्यांनीच लिहून ठेवलं की त्या राज्याच्या बाबतीत याहून चांगली गोष्ट घडलीच नव्हती. सरकारचा आधार गेला आणि मंडळ्या स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या.

मग ‘ख्रिस्ती राष्ट्र’ ही भाषा एवढी पसरली कधी? पुष्कळशी शीतयुद्धात. समोर नास्तिक रशिया होता. म्हणून १९५४ साली शाळेतल्या प्रतिज्ञेत ‘देवाच्या छत्राखाली’ हे शब्द घातले गेले, आणि १९५६ साली ‘देवावर आमचा विश्वास’ हे राष्ट्राचं बोधवाक्य झालं. पण तेव्हा ही भाषा दोन्ही पक्षांची होती. ती एका पक्षाच्या, रिपब्लिकनांच्या, दारात नेऊन बांधली गेली सत्तरच्या दशकात. शाळेतली सरकारी प्रार्थना सुप्रीम कोर्टाने १९६२ साली बंद केली होती, त्याचा राग होता. १९७३च्या निकालाने गर्भपाताला घटनेचं संरक्षण दिलं, त्याचाही होता. आणि एक कारण कमी सांगितलं जातं. वंशभेद पाळणाऱ्या खासगी ख्रिस्ती शिक्षणसंस्थांची करसवलत सरकार काढून घेऊ लागलं होतं. हे सगळं एकत्र येऊन १९७९ साली पाळक जेरी फॉलवेल यांची ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संघटना उभी राहिली. १९८० साली रिपब्लिकन उमेदवार रेगन तुझ्या डॅलसमध्येच पाळकांच्या मेळाव्यात म्हणाले की तुम्ही मला जाहीर पाठिंबा देऊ शकत नाही हे मला माहीत आहे, पण माझा तुम्हाला पाठिंबा आहे. तिथून पुढे चर्चची वाट आणि पक्षाची वाट एक होत गेली. गेल्या तिन्ही अध्यक्षीय निवडणुकांत गोऱ्या इव्हँजेलिकल, म्हणजे शुभवर्तमानाच्या प्रचारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट, मतदारांपैकी दहातल्या सुमारे आठांनी ट्रम्प यांना मत दिलं.

त्यांनी कुणाला मत दिलं याबद्दल माझी तक्रार नाही. तू कुणाला देणार तेही मी विचारणार नाही. माझी काळजी वेगळी आहे. राजकारण म्हणजे देवाणघेवाण. कर किती असावा, सरहद्दीवर काय करावं, शाळेत काय शिकवावं, यांत थोडं तू सोडतोस, थोडं मी सोडते. पण माझा पक्ष देवाचा आणि तुझा सैतानाचा असं एकदा ठरलं, की काही सोडणं हे पाप होतं. मग हरणंही परवडत नाही. ६ जानेवारी २०२१ रोजी ट्रम्प यांची हार न मानता कॅपिटॉलमध्ये, अमेरिकेच्या संसदेत, घुसलेल्या जमावात येशूच्या नावाचे फलक होते, क्रूस होते. सिनेटच्या सभागृहात शिरलेल्या काहींनी येशूच्या नावाने मोठ्याने प्रार्थना केली. त्या दिवशी सुमारे १४० पोलिसांवर हल्ले झाले. ती प्रार्थनेची चित्रफीत पाहिली तेव्हा मला जो संताप आला, तो अमेरिकेसाठी नव्हता. माझ्या प्रभूचं नाव तिथे घेतलं गेलं, म्हणून होता. रोमन सुभेदार पिलातासमोर प्रभू म्हणाला होता, ‘माझे राज्य ह्या जगाचे नाही.’

पीआरआरआय नावाची संस्था दरवर्षी या विषयावर पाहणी करते. अमेरिकेत दहापैकी सुमारे तिघे ख्रिस्ती राष्ट्रवादाचे समर्थक किंवा सहानुभूतीदार आहेत. रिपब्लिकन लोकांत ते निम्म्याहून जास्त भरतात, डेमोक्रॅटांत पाचात एकाहूनही कमी. एकाच प्रश्नावर दोन पक्ष इतके लांब गेले, की एकमेकांना काय वाटतं ते ऐकूही येत नाही. तरी एक गोष्ट लक्षात ठेव. काळ्या प्रोटेस्टंट मंडळ्यांतही ख्रिस्ती राष्ट्राच्या भाषेला होकार देणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांची मतं बहुतेक दुसऱ्या पक्षाला जातात. भक्ती आणि पक्ष यांची गाठ देवाने बांधलेली नाही. व्हाइटहेड आणि पेरी या समाजशास्त्रज्ञांनी तर दाखवलं, की नियमित प्रार्थना आणि उपासना करणं वेगळं आणि ‘देश आमचाच’ म्हणणं वेगळं. परक्यांबद्दल काय वाटतं, अशा काही प्रश्नांवर या दोन गोष्टी माणसाला चक्क उलट्या दिशांना नेतात.

याचा फटका चर्चलाच बसला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ‘आमचा कोणताच धर्म नाही’ म्हणणारे अमेरिकन शंभरात पाचच्या आसपास होते. आज ते पाव हिश्श्याहून अधिक आहेत. हाउट आणि फिशर या दोन समाजशास्त्रज्ञांनी २००२ सालीच म्हटलं होतं की यातले बरेच लोक देवावर रुसलेले नाहीत, धर्माच्या नावाने चाललेल्या राजकारणाला कंटाळून त्यांनी नाव काढून घेतलं आहे. ते बाहेर पडले की आत उरलेले आणखी एका बाजूचे होतात. मग त्यांना बाहेरचे सगळेच शत्रू वाटतात, आणि बाहेरच्यांना चर्च म्हणजे पक्षाचं कार्यालय वाटतं. हे चक्र दोन्हीकडून फिरतं आहे. चर्चला जाणाऱ्यांना अडाणी समजून हसणारेही ते फिरवायला हातभार लावतात, हे मी मान्य करते.

आता आपल्या ईशाच्या शाळेतल्या वर्गाबद्दल. टेक्सासमध्ये यंदा कायदा झाला की सरकारी शाळेच्या प्रत्येक वर्गात दहा आज्ञांचा तक्ता लावायचा, किमान १६ बाय २० इंचांचा. तू लिहिलंस, ‘यात वाईट काय आहे? तूही आम्हाला पाठ करायला लावल्या होत्यास.’ हो, लावल्या होत्या. घरी, आणि संडे स्कूलमध्ये. पण कायद्याने मजकूरही ठरवून दिला आहे, आणि तो प्रोटेस्टंट वळणाचा आहे. कॅथलिक त्या आज्ञा वेगळ्या मोजतात, यहुदी आणखी वेगळ्या. सरकार धर्म शिकवायला लागलं की कुणाचा धर्म, हे सरकारच ठरवतं. १८४४ साली फिलाडेल्फियात शाळेत कोणतं बायबल वाचायचं यावरून प्रोटेस्टंट आणि कॅथलिक यांच्यात दंगली पेटल्या. कॅथलिक चर्चं जाळली गेली, माणसं मेली. दोन्हीकडे येशूचेच लोक होते. केंटकीचा असाच कायदा सुप्रीम कोर्टाने १९८० साली रद्द केला होता. टेक्सासच्या कायद्याविरुद्धही खटले भरले गेले, आणि ते भरणाऱ्या पालकांत ख्रिस्ती माणसंही आहेत.

आणि बाळा, टेक्सासमधल्या शुगर लँडचा हनुमान. ती ९० फुटांची मूर्ती देवळाच्या स्वतःच्या आवारात आहे. या सप्टेंबरमध्ये टेक्सासमधल्या एका सिनेट-इच्छुकाने लिहिलं, की खोट्या हिंदू देवाची खोटी मूर्ती आपण इथे का चालू देतो, आपण ख्रिस्ती राष्ट्र आहोत. सुहासने ते तुला पाठवलं आणि तू लिहिलंस, ‘त्यांचा देश, त्यांचे नियम.’ अमोल, तो आता तुझाही देश आहे. आणि सुहासचाही.

इथे आपण मूठभर आहोत. राज्य कुठल्याच धर्माचं नाही, हे आपलं कवच आहे. भारताच्या घटनेच्या पंचविसाव्या, धर्मस्वातंत्र्याच्या, कलमाच्या आधाराने आपण रविवारी उपासनेला जमतो. तिथे मोजणीत तू मोठ्या गटात गेलास, म्हणून तेच कवच दुसऱ्याच्या अंगावरून ओढून घ्यायला तू हात लावायचा नाहीस. मी हे तुला आई म्हणून सांगते, आणि ख्रिस्ती म्हणूनही. तसंही त्या ‘आपण’मध्ये तुला कुठवर धरतील, हे तुझ्या कातडीच्या रंगाला विचारून बघ.

तिकडच्या संशोधकांच्या आकड्यांनी मला हलवून सोडलं. आपलं मूल दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न करतंय म्हटल्यावर १९६० साली शंभरात चार-पाच जणांनाच वाईट वाटे. २०१०च्या पाहणीत रिपब्लिकनांपैकी जवळपास निम्म्यांना आणि डेमोक्रॅटांपैकी तिघांत एकाला वाईट वाटलं. आपल्याकडे सोयरीक करताना जात बघतात, तसा तिथे पक्ष बघायला लागले. जातीतून सुटण्यासाठी आपल्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पणतूने नव्या जातीत शिरू नये, असं मला मनापासून वाटतं.

चर्च सोड, असं मी म्हणत नाही. मंडळीत राहूनच बोल. बॅप्टिस्टांचीच एक जुनी संस्था, बॅप्टिस्ट जॉइंट कमिटी, २०१९पासून ख्रिस्ती राष्ट्रवादाविरुद्ध ख्रिस्ती लोकांची मोहीम चालवते आहे. म्हणजे तू एकटा नाहीस. पाळकांना वेळ मागून भेट आणि नम्रपणे विचार, की दुसऱ्या पक्षाला मत देणारा ख्रिस्ती नाही, हे पवित्र शास्त्रात कुठे लिहिलं आहे. त्या मंडळीत नक्कीच अशी माणसं बसलेली असतील जी तसं मत देतात आणि मान खाली घालून ऐकतात. त्यांच्यासाठी विचार.

त्याआधी सुहासला फोन कर. राजकारणावर बोलू नकोस असं नाही. बोल, भांड, पण बोल. पाळक काय म्हणाले ते मला कळव.

तुझी,
आई