सहा वाजेपर्यंत काळजी न करणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचं नाव इथे लिहीत नाहीये, तुम्हाला ते अजिबात चालणार नाही हे मला माहितीये, पण लिहायचं मात्र सगळ्यांसमोरच आहे, कारण दारात उभं राहून थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, आईला औषध दिलंस का" म्हणून विषय बदलता आणि माझं बोलायचं राहूनच जातं.

आईला अर्धांगाचा झटका येऊन आठ महिने झाले. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात, आणि ते रात्रीसुद्धा, त्यामुळे या आठ महिन्यांत मी सलग झोपले अशी एकही रात्र आठवत नाही, अलार्म वाजायच्या आधीच जाग येते आणि दिवसभर कान तिच्या खोलीकडेच लागलेले असतात. "स्वतःकडेही लक्ष दे गं" असं खूप जणांनी सांगितलं, मनापासूनच सांगितलं असेल, पण ते कसं द्यायचं हे कुणी सांगत नव्हतं. तुम्ही तसं काही म्हणालाच नाहीत. तुम्ही विचारलंत, "कुठे जावंसं वाटतं तुला?" मी पटकन बोलून गेले, डोंगरावर, एकटीने, आणि बोलल्यावर मलाच रडू आलं. तुम्ही म्हणालात, "रविवारी जा. साडेपाचला मी येते."

तेवढंच केलं असतंत तरी खूप होतं. पण आदल्या दिवशी संध्याकाळी तुम्ही कागद पेन घेऊन आलात आणि माझ्याकडून सगळा हिशोब करून घेतलात. सपाटीला पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला वरचा एक तास, हा नियम विल्यम नाइस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली घालून दिलाय आणि तो अजून वापरतात, हे मला पहिल्यांदाच कळलं. माझी वाट वरपर्यंत साडेचार किलोमीटर, चढ साधारण ६०० मीटर, म्हणजे दोन तास. "तुझी झोप झालेली नाही, सवय नाही, दुप्पट धर," तुम्ही म्हणालात आणि कागदावर ठळक लिहिलंत: नऊला चढायला लागायचं, एक वाजता जिथे असशील तिथून मागे फिरायचं. वर पोचलीस की नाही हा प्रश्नच नाही.

जॅकेट दिलंत तेव्हा मी म्हटलं अहो एवढं ऊन आहे, तर तुम्ही सांगितलंत की हजार मीटर वर गेलं की साधारण साडेसहा अंशांनी गार होतं, आणि घामाने भिजलेल्या अंगावर वारा लागला की ते त्याहून जास्त जाणवतं. शिट्टी दिलीत, मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबून परत, उत्तर म्हणून तीन शिट्ट्या येतात. फोन एअरप्लेन मोडवर ठेव म्हणालात, कारण रेंज शोधत बसून बॅटरी संपते, जीपीएस तसाही चालतो. आणि मग ते वाक्य, ज्याच्यासाठी हे सगळं पत्र आहे: "सहा वाजेपर्यंत मी अजिबात काळजी करणार नाही. सहानंतर करेन, आणि काय करायचं ते मला माहितीये."

ताई, आठ महिन्यांत पहिल्यांदाच काळजी करायचं काम माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाकडे होतं, आणि त्याला वेळसुद्धा ठरलेली होती. एकटीने जायचं तर घरी असं कुणीतरी लागतं हे मला माहितीच नव्हतं.

पहिला तासभर मला काहीच छान वाटलं नाही, हे पण खरं खरं सांगते. दम लागत होता आणि डोक्यात औषधांच्या वेळाच फिरत होत्या, दहा वाजता तर मी चक्क थांबून मागे वळून बघितलं, कारण दहाला कूस बदलायची असते. मग झाडी दाट झाली, एक ओढा लागला, आणि मी एका दगडावर पाच मिनिटं म्हणून टेकले. पाणी एका खळग्यात गोल फिरत होतं आणि एक पान त्यात अडकून फिरतच राहिलं होतं, मी त्या पानाकडे किती वेळ बघत होते देव जाणे, मधेच रडले, रडू आपोआप थांबलं, मग सॅकवर डोकं ठेवून झोपलेसुद्धा. उठून घड्याळ बघितलं तर तास होऊन गेलेला. स्टीफन आणि रेचल कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांनी यावर बरंच काम केलंय, की सतत ताणून धरलेलं लक्ष थकतं, आणि पाणी, ढग, हलणारी पानं यांच्याकडे लक्ष आपोआप जातं, ओढून न्यावं लागत नाही, म्हणून त्या थकलेल्या भागाला आराम मिळतो. मी हे नंतर वाचलं आणि मला ते पानच आठवलं.

एक वाजला तेव्हा माथा समोर दिसत होता. फार तर वीस मिनिटं. पाय निघत नव्हता मागे वळायला, वाटलं एवढं आलोय तर, पण तुमचं अक्षर खिशात होतं आणि मी फिरले. अर्ध्या वाटेवर वळून बघितलं तर माथा ढगात गेलेला, आणि खाली झाडीत पोचते न पोचते तोच वीज चमकली. मी तुम्ही शिकवल्यासारखे आकडे मोजले, तीन सेकंदांना एक किलोमीटर, बावीसला गडगडाट ऐकू आला, म्हणजे सात किलोमीटर. तिसाच्या आत आवाज आला तर उघड्यावर थांबायचं नाही असं तुम्ही सांगितलं होतंत. त्या वीस मिनिटांच्या मोहात पडले असते तर तेव्हा मी उघड्या धारेवर असते. भरभर उतरले आणि वीज पुढे सरकून जाईपर्यंत पायथ्याशी पक्क्या इमारतीत बसून राहिले. खाली पोचल्याचा मेसेज चार वाजून दहा मिनिटांनी पाठवला, तुमचं उत्तर एकच शब्द, "छान."

घरी आले तर आईचा पलंग खिडकीपाशी सरकवलेला. आठ महिने तो भिंतीला लागून होता कारण औषधांचं कपाट तिथे आहे, आणि मला एकदाही सुचलं नाही. ती बाहेरच्या झाडाकडे बघत होती. रॉजर उलरिक यांचा १९८४ चा एक अभ्यास आहे, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ पेशंट, निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची आणि निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत, तर झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार वेदनाशामकं कमी लागली. तुम्ही हा अभ्यास वाचला नसेल कदाचित, पण तुम्ही दिवसभर तिच्याजवळ बसलात आणि ती कुठे बघते ते बघितलंत.

मांड्या अजून दुखतायत, जिना उतरताना तर फारच, उतारावर स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात म्हणून असं होतं म्हणे, दोन-तीन दिवसांत जाईल. जॅकेट धुऊन वाळत घातलंय. रात्रीचे अलार्म तसेच आहेत, पण परवा दोनच्या अलार्मला उठले आणि आईची कूस बदलून पाच मिनिटांत परत झोपले, असं कितीतरी महिन्यांत झालं नव्हतं.

आई त्या दिवसाबद्दल सगळ्यांना सांगते, शब्द नीट येत नाहीत तिला अजून, पण तुमचं नाव बरोबर घेते. शिट्टी परत द्यायला गुरुवारी येते. तेव्हा तुमचीही एक तारीख ठरवू, तुम्ही किती वर्षांत डोंगरावर गेला नाहीत ते आईने मला सांगितलंय. त्या दिवशी फोन माझ्याजवळ राहील, कागद तुम्ही लिहून द्या.

तुमची,
शेजारची