ताई, तुम्ही कॉम्प्युटर फॉरमॅट केला नाहीत म्हणून

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

वयाने तुम्ही माझ्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या, पण आमच्या घरात सगळे तुम्हाला ताईच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितो. तुमचं आणि तुमच्या कॉलेजचं नाव कुठे घालू नका असं तुम्ही बजावलंत, ते पाळतो. आभार मात्र चारचौघांसमोर मानायचे आहेत. माझ्यासारखं काम करणारी घरं आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात गल्लोगल्ली आहेत आणि त्यांच्याही पेनड्राइव्हमध्ये हेच चाललेलं आहे.

तुम्हाला माहीतच आहे, पण वाचणाऱ्यांसाठी सांगतो. टेरी टॉवेल आणि चादरींची जकार्ड डिझाइन, म्हणजे मागावर विणतानाच उमटणारी नक्षी, मी घरीच करतो. माझे वडील आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन रंगवायचे, त्यावरून पुठ्ठ्याची कार्डं पंच व्हायची आणि ती मागावर चढायची. आता त्या चौकोनाचा पडद्यावरचा ठिपका झाला आणि फाइल पेनड्राइव्हवरून सरळ इलेक्ट्रॉनिक जकार्डला जाते. वडिलांच्या पिवळ्या पडलेल्या कागदांवरून उतरवून घेतलेली डिझाइन, गिऱ्हाइकांनी विश्वासाने दिलेले नमुने, मुलीच्या बारावीच्या नोट्स, सगळं त्या एकाच मशीनच्या डी ड्राइव्हवर. दुसरी कॉपी कशाचीच नव्हती.

लग्नसराईच्या ऑर्डरी अंगावर होत्या आणि नेमकं तेव्हाच सुरू झालं. उजव्या कोपऱ्यात सारखी लाल खिडकी, ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले, ताबडतोब नूतनीकरण करा’. एकदा तर पडदाभर सूचना आली, कर्कश आवाज आणि खाली फोन नंबर. डी ड्राइव्हमध्ये आकडे-अक्षरांची लांबलचक नावं असलेले फोल्डर दिसायला लागले, ते आमच्यापैकी कोणीच बनवलेले नव्हते. आणि पेनड्राइव्ह लावला की आतल्या प्रत्येक फोल्डरच्या चित्रावर छोटा बाण. एका दुकानात दाखवलं. मशीन चालूही न करता त्यांनी सांगितलं, फॉरमॅट मारावं लागेल, म्हणजे सगळं पुसून नव्याने, डेटाची गॅरंटी नाही. त्या रात्री घरात कोणाला जेवण गेलं नाही.

मुलीच्या मैत्रिणीची मोठी बहीण, कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आहे, एवढ्याच ओळखीवर तुम्हाला फोन केला. रविवारी भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, विजापूर रोडवरून तुम्ही स्कूटीवर आलात. पाणी प्यायलात आणि माउसला हात लावायच्या आधी इंटरनेटची वायर काढलीत. मग वही उघडून विचारायला लागलात. पहिली सूचना कधी आली? ती आली तेव्हा समोर काय उघडं होतं? पेनड्राइव्ह कुठेकुठे जातो? त्याआधी नवीन काय टाकलं होतं? डॉक्टर नाडी बघण्याआधी विचारतो तसं. माझी पत्नी उत्तरं देत होती आणि तुम्ही लिहून घेत होतात. ‘काका, हे एक दुखणं नाही, तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी आल्यात म्हणून एवढं भयंकर वाटतंय,’ असं तुम्ही म्हणालात तेव्हा, खरं सांगतो, अर्धा भार तिथेच उतरला.

लाल खिडकीचा उलगडा तर किती सोपा होता! ती पुन्हा आल्यावर तुम्ही मुलीला म्हणालात, मोठी अक्षरं सोड, खालची बारीक ओळ वाच. तिथे क्रोमचं नाव आणि त्याच्या शेजारी कुठल्याशा वेबसाइटचा पत्ता होता. म्हणजे सूचना अँटीव्हायरसची नव्हतीच. एखाद्या साइटवर ‘अलाऊ’ दाबलं गेलं की ती साइट ब्राउझर लहान केलेला असतानाही कोपऱ्यात काहीही दाखवू शकते. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. परवानगी असलेल्या साइटांची यादी समोर आली, त्यातल्या अनोळखी सगळ्या तुम्ही मुलीच्याच हातून काढायला लावल्यात. खिडकी बंद. खरी सूचना बघायची तर विंडोज सिक्युरिटी उघडून ‘प्रोटेक्शन हिस्टरी’त जायचं, तिथे नोंद नसेल तर त्या खिडकीवर विश्वास ठेवायचा नाही, हे आता आमच्या आईलाही पाठ झालंय. आणि फोन नंबरबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते मी दहा जणांना सांगितलं: मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत कधीच फोन नंबर नसतो. तो नंबर लावायचा नाही, कोणी सांगितलं म्हणून स्क्रीन दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची नाही. कोणाचे पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

पेनड्राइव्हचं दुखणं मात्र खरं होतं. तिथे तुम्ही ज्या क्रमाने गेलात त्याबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे, कारण बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा होतो. त्या बाणवाल्या फोल्डरवर डबल क्लिक न करता तुम्ही उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज उघडलीत आणि ‘टार्गेट’ची चौकट मला दाखवलीत. तिथे फोल्डरचा पत्ता असायला हवा होता. होती एक लांब ओळ, सीएमडीने सुरू होणारी, त्यात डब्ल्यूस्क्रिप्ट आणि शेवटी व्हीबीएसची एक फाइल, म्हणजे आपोआप चालणाऱ्या हुकमांची यादी, स्क्रिप्ट. म्हणजे आपण समजतो फोल्डर उघडला. फोल्डर उघडतोही, पण त्याआधी ती स्क्रिप्ट चालून कॉम्प्युटरमध्ये उतरते. मूळ फोल्डर कुठेच गेलेले नसतात. त्यांच्यावर ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ असे दोन शिक्के मारून ते नजरेआड केलेले असतात. नुसतं ‘हिडन आयटम्स’वर टिक करून ते दिसत नाहीत, सिस्टिमच्या फाइल लपवण्याची खूणही काढावी लागते.

माझा हात तेवढ्यात पेनड्राइव्ह साफ करायला गेला होता. ‘आधी घर, मग दार,’ म्हणालात. कॉम्प्युटरमध्ये स्क्रिप्ट जिवंत असताना पेनड्राइव्ह पुसला तर काही क्षणांत तो पुन्हा भरतो, आणि पेनड्राइव्ह लागलेला प्रत्येक कॉम्प्युटर तेच पुढे वाटतो. टास्क मॅनेजरमध्ये स्क्रिप्ट चालवणारा विंडोजचाच प्रोग्रॅम चालू होता. तो स्वतः वाईट नाही, त्याला काय चालवायला दिलंय ते बघायचं, हेही तुम्ही तिथेच सांगितलंत. स्टार्टअपच्या यादीत एक अर्थहीन नाव होतं, त्याचा माग काढत तुम्ही, प्रोग्रॅम आपलं सामान ठेवतात त्या ॲपडेटातल्या रोमिंग फोल्डरपर्यंत पोचलात. मशीनबरोबर आलेला आणि कधीच मुदत संपलेला अँटीव्हायरस तुम्ही काढून टाकलात, कारण स्वतः नवीन काही ओळखत नसताना त्याने विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसला, डिफेंडरला, मात्र बाजूला बसवून ठेवलं होतं. डिफेंडर चालू झाल्यावर नेट लावून तो अद्ययावत केलात आणि ऑफलाइन स्कॅन लावलंत. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होतं आणि विंडोज पूर्ण जागं व्हायच्या आत, म्हणजे लपलेला प्रोग्रॅम चालूच नसताना, तपासणी होते. पंधरा-वीस मिनिटांचं काम. त्यानंतर कुठे पेनड्राइव्ह हातात घेतलात, ते बाणवाले शॉर्टकट आणि ती स्क्रिप्ट काढलीत, आणि अ‍ॅट्रिब ही कमांड देऊन ते शिक्के पुसलेत. फोल्डर जसेच्या तसे परत आले, गिऱ्हाइकांच्या नावांसकट. पत्नीने देवाजवळ दिवा लावला, तो तुम्ही पाहिलात.

डिफेंडरने आणखी एक फाइल पकडली होती, माझ्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधला एक जुना छोटा प्रोग्रॅम. नावात ‘जेनेरिक’ असा शब्द होता. दुसऱ्या कोणी ती उडवून मोकळं केलं असतं आणि माझं काम तिथेच अडलं असतं. तुम्ही ती क्वारंटाइनमध्येच, म्हणजे डिफेंडरच्या कोठडीतच, राहू दिलीत आणि समजावलंत की असं नाव म्हणजे ओळख पटलेला गुन्हेगार नव्हे, वागणं किंवा बांधणी संशयास्पद वाटली म्हणून रोखलेला माणूस. मग मूळ सीडीवरच्या त्याच प्रोग्रॅमचा हॅश काढलात, चौसष्ट अक्षर-आकड्यांचा ठसा, आणि तो व्हायरसटोटलवर, म्हणजे अनेक अँटीव्हायरसचं मत एकत्र दाखवणाऱ्या वेबसाइटवर, शोधलात. एक-दोन सोडून कुठल्याच अँटीव्हायरसला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तरीही सॉफ्टवेअर देणाऱ्यांना विचारून, त्यांचा होकार आल्यावरच ती परत आणायला सांगितलीत. मी सहज म्हणालो, डिझाइनच्या फाइलही तिथे चढवून तपासू या का. तुम्ही थांबवलंत. तिथे चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांपर्यंत जाते, गिऱ्हाइकाचं डिझाइन असं बाहेर जाता कामा नये. ताई, या धंद्यात डिझाइन फुटलं की माणसाची पत जाते. तुम्ही या धंद्यातल्या नसूनही आमची पत जपलीत.

राहिले ते लांबलचक नावाचे फोल्डर. ते विंडोजच्या अपडेटचे निघाले. ज्या ड्राइव्हवर जास्त जागा असेल तिथे इन्स्टॉलर आपलं सामान सोडतो आणि कधीकधी आवरायचं विसरतो. शेजारची एमएसडीआयए८० नावाची फाइलही मायक्रोसॉफ्टच्याच एका जुन्या इन्स्टॉलरने चुकीच्या जागी ठेवलेली, निरुपद्रवी. तारीख आणि डिजिटल सही बघून तुम्ही प्रत्येकाचा निकाल लावलात.

लपलेलं सगळं दिसायला लागल्यावर एक नवाच फोल्डर समोर आला, ‘फाउंड’ आणि पुढे तीन शून्यं. आत सीएचके नावाच्या फाइल. मी म्हणालो, हा आणखी एक. तुम्ही विचारलंत, ‘काम चालू असताना लाइट जाते का?’ सोलापुरात उन्हाळ्यात हा प्रश्न विचारावा लागत नाही! अचानक वीज गेली की डिस्कवर फाइलचे काही तुकडे बेवारस राहतात आणि पुढच्या वेळी डिस्कची तपासणी झाली की विंडोज ते गोळा करून अशा नावाने ठेवतं. तुम्ही त्यातली एक मोठी फाइल नोटपॅडमध्ये उघडलीत. सगळी अगम्य चिन्हं, पण अगदी सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, बी आणि एम. ‘काका, हे चित्र आहे,’ असं म्हणून तुम्ही तिची कॉपी केलीत, नाव बदललंत आणि तुमच्या लॅपटॉपवर उघडलीत.

मागे एकदा लाइट गेली तेव्हा गेलेलं माझ्या वडिलांचं मोराचं डिझाइन होतं ते. त्याचा मूळ कागद पावसात भिजून गेला होता. काठ आला, मोराचे पाय आले, पिसारा आला, मान आली. वरची पट्टी मात्र कोरी, तुरा नव्हता. बीएमपी फाइल खालच्या ओळीपासून वर साठवली जाते, म्हणून अर्धवट राहिली की वरचा भाग जातो, असं तुम्ही सांगत होतात आणि माझं लक्ष नव्हतं. मी पिसाऱ्याकडे बघत होतो. वडील एका पिसाला किती वेळ देत, ते मी लहानपणी शेजारी बसून पाहिलंय. कॉम्प्युटर फॉरमॅट झाला असता तर ती फाइल होती हेही मला कधी कळलं नसतं. तुरा मी आता माझ्या हाताने बसवतोय.

तुम्ही सांगितलेलं सगळं चालू आहे. बाहेरची हार्ड डिस्क घेतली, कॉपी झाली की वायर काढून कपाटात, कारण जोडलेली डिस्क व्हायरसलाही जोडलेलीच असते. दुसरी कॉपी बहिणीच्या घरी होटगी रोडला. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय, म्हणून डिझाइनचं मशीन नेटपासून तोडलं आणि मुलीसाठी वेगळा लॅपटॉप बघतोय. मागाकडे जाणारा पेनड्राइव्ह वेगळा ठेवलाय, तो झेरॉक्सच्या दुकानात जात नाही.

पैशांचं नाव काढल्यावर तुम्ही उठूनच उभ्या राहिलात, आईने बांधून दिलेली शेंगाचटणी आणि कडक भाकरी तेवढी घेतलीत. म्हणून एक मागणं मागायला संकोच वाटतो, पण मागतो. साखर पेठ आणि अशोक चौकाकडचे काही डिझाइनर आणि कारखानदार यांना मी हे सगळं सांगितलं. त्यांच्याही पेनड्राइव्हवर बाण आहेत, आणि दोघांना फॉरमॅटचा सल्ला मिळालेला आहे. एखाद्या रविवारी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, तुम्ही तासभर याल का? जागा आमच्या घराची गच्ची, कॉम्प्युटर माझाच, पेनड्राइव्ह ज्याचे त्याचे. न्यायला-आणायला मुलगी येईल. कुठला रविवार जमेल तेवढं कळवा, तोवर मी कोणाला फॉरमॅट मारू देत नाही.

तुमचा,
पूर्व भागातला जकार्ड डिझाइनर काका
सोलापूर