रविवारची पाचगणी सहल : चालकांनी हँडब्रेक पाहूनच निघावे

सभासदहो, रविवारी सकाळी 6 वाजता सोसायटीच्या गेटपासून सगळ्या गाड्या निघतील. वाईहून पसरणी घाटाने वर.

- निघताना हँडब्रेक पूर्ण खाली हवा, डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझलेला हवा. (गेल्या खेपेला मीच अर्धवट ओढलेल्या हँडब्रेकवर वाई गाठली. ब्रेकचे लायनर (घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) नवे टाकावे लागले.)
- गाडी जड ओढतेय किंवा जळका वास येतोय? लगेच बाजूला घ्या. मागचे ब्रेक तापतात, लायनर झिजतात. ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल थेट खाली जातं, आणि उतारावर ते परवडणारं नाही.
- तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका, निवू द्या. तोवर गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. निघताना तो दगड रस्त्यातून उचला, कृपया!