मांडवातल्या लाइटवाल्या भाऊंना मनापासून धन्यवाद

भाऊ, नमस्कार.

गणेशोत्सवात नागपुरातल्या मंडळांपुढे विज्ञानाचे प्रयोग करून दाखवणाऱ्या आमच्या चमूकडून हे पत्र. टाळ्या स्टेजवरच्यांना मिळतात. तुम्ही काय केलंत ते समोर बसलेल्यांना कळत नाही, म्हणून सगळ्यांदेखत लिहितोय.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, इथली हवा कोरडी असते आणि व्हॅन डी ग्राफ मशीन (फिरत्या रबरी पट्ट्याने वरच्या धातूच्या गोळ्यावर विद्युतभार साठवणारं यंत्र) विनातक्रार चालतं. भाद्रपदात खरी परीक्षा. दमट हवेत रबरी पट्ट्यावर आणि प्लास्टिकच्या खांबावर ओलाव्याचा बारीक थर बसतो, त्यावरून विद्युतभार गळून जातो आणि वरच्या गोळ्यावर काही साठतच नाही. पुष्कळ जण पट्टाच खराब झाला असं समजून तो बदलत बसतात. तुम्ही मशीन फवाऱ्याच्या पंख्यासमोरून हलवलंत, दोन जुने हॅलोजन हात-दीड हातावर लावून पट्टा आणि खांब अर्धा तास शेकलेत, गोळा कोरड्या सुती फडक्याने पुसून घेतलात. ठिणगी कडकडून पडली.

केस उभे करण्याच्या प्रयोगासाठी रांगेतल्या पोट्ट्यांना "आज डोक्याला तेल लावलं का?" असं आधीच विचारणारेही तुम्हीच. तेलाने केस एकमेकांना चिकटतात, सुटे होऊन उठत नाहीत. लेकरू बिचारं हिरमुसतं.

सगळ्यात मोठे आभार अर्थिंगसाठी. ठिणगीमागे लाखभर व्होल्ट असू शकतात. करंट अगदी थोडा, पण ती साउंडच्या अर्थिंगमध्ये शिरली की स्पीकरमधून फटाका वाजतो, डिजिटल मिक्सर हँग होतो. मोटरचं मेन अर्थिंग तसंच ठेवून ठिणगीच्या दांड्यासाठी तुम्ही मांडवाबाहेर वेगळी सळई ठोकलीत आणि तिची वायर माइकच्या केबलपासून लांबून नेलीत. काळी माती वाळली की भेगाळते, सळईचा संपर्क सुटतो, तेव्हा भोवती मिठाचं पाणी ओतायचं, हेही तुम्हीच सांगितलंत.

१५०० वॉटची केटली साडेसहा अँपिअर ओढते. ती ६ अँपिअरच्या सॉकेटवर न देता १६ अँपिअरची वेगळी लाइन काढून दिलीत, म्हणून ऐन प्रयोगात अंधार झाला नाही.

आणि कनात! उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनचा एक लिटर उकळला की जवळपास ७०० लिटर वायू होतो. थंड असल्याने तो जमिनीलगत पसरतो आणि प्राणवायूला बाजूला सारतो. पुढे तर लहान मुलंच बसलेली असतात. डेकोरेशनवाल्यांची नाराजी पत्करून तुम्ही दोन्ही बाजूंच्या कनाती खालून वर बांधून घेतल्यात. हे उपकार विसरण्यासारखे नाहीत, भाऊ.

मंडळांना आधी पाठवतो त्या पत्रकात आता प्रत्येक उपकरणाचे वॉट, वेगळ्या सळईची जागा आणि उघड्या कनाती, सगळं लिहिलंय. टेबलं कुठे लावायची, ते मात्र तुम्ही येऊन ठरवा.

तुमची,
प्रयोगवाली मंडळी