मंगे, नामकरणाला तू पाहिजेच

मंगे,

जय भीम.

तब्येत बरी आहे. बीपीची गोळी चालू आहे, गुडघे दुखतात, तुझेही दुखतात, झालं. फोनच केला असता पण या मानेवाड्याच्या फ्लॅटमध्ये एका खोलीत बोललेलं सगळीकडे ऐकू जाते, आणि हे घरातल्या कोणाच्या कानावर जायला नको, म्हणून सगळे झोपल्यावर मोबाईलवर टाइप करत बसली आहे. लांबेल. चहा ठेव अन् मग वाच.

नातवाचे फोटो तू पाहिलेच. सिझर झालं, दोघं ठणठणीत, सुनेचे टाके सुकले. तर माय गावावरून आली बाळाला पाहायला. एसटीनं एकटी आली, या वयात. पिशवीत डिंक, आळीव, खारका, ओवा आणि एका छोट्या बाटलीत मध. हात-पाय धुतले, लेकरू मांडीवर घेतलं आणि करंगळी मधात बुडवून त्याच्या तोंडाशी नेली. सून म्हणाली, "आजी, नको!" एवढंच, पण जोरात म्हणाली.

आणि सून बरोबर होती. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तू मायची बाजू घेऊन माझ्या सुनेशी भांडायला येशील. वर्षाच्या आतल्या लेकराला मध द्यायचाच नसतो. त्यात एका जंतूचं बी असू शकते, आपल्या पोटात त्याचं काही चालत नाही पण तान्ह्याच्या आतड्यात ते रुजते अन् विष करते, लेकरू लुळं पडते, दूध ओढत नाही, श्वाससुद्धा अडकू शकतो. सहा महिने आईचं दूध, वरचं पाणीही नाही. सुनेनं मग मायजवळ बसून हे सगळं नीट समजावलं. मायनं ऐकलं, बाटलीला झाकण लावलं आणि म्हणाली, "बरं झालं सांगतलं बाई." विषय संपला. शिकायची लाज मायला कधीच नव्हती.

खरं दुखणं त्यानंतरचं आहे. इहीनबाई, म्हणजे सुनेची आई, तिथंच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "या दायांच्या हातून किती लेकरं गेली असतील, बाप्पा." माय समोर बसलेली. आणि संध्याकाळी मला किचनमध्ये बाजूला घेऊन हळूच म्हणतात, "नामकरणाला आमच्या ऑफिसचे लोक येणार आहेत, तुमच्या आई दाई होत्या हे कोणासमोर काढू नका, आपण ते सगळं सोडून पुढे आलो ना." माय कप ठेवायला आली होती मागून. तिनं ऐकलं.

तेव्हापासून माय बाळाच्या खोलीत जात नाही. बाल्कनीत बसते. काल मला विचारते, "लेकराले हात लावू का मी?" मंगे, माय विचारते! अर्ध्या गावाला पहिला हात जिचा लागला ती.

इहीनबाई वाईट बाई नाही. इंदोऱ्यातल्या एका खोलीतून शिकून ऑफिसर झाल्या, त्यांना लोकांनी काय काय विचारलं असेल ते मला माहीत आहे, कारण मलाही विचारलं शाळेत, स्टाफरूममध्ये, हसत हसत. पण त्यांची ती दोन वाक्यं माझ्या डोक्यातून जात नाहीत आणि दोन्हींचं उत्तर वेगळं आहे.

पहिलं वाक्य खरं आहे. लेकरं गेली. माझ्या आजीनं मायला शिकवलं तसं ती विळ्यानं नाळ कापायची आणि वर राख लावायची. दोन-चार दिवस चांगलं प्यायलेलं लेकरू मग जबडा आवळून घ्यायचं, अंग ताठ, आणि गाव म्हणायचं सटवाई रुसली. मग सरकारनं दायांना ट्रेनिंग द्यायला सुरुवात केली आणि सिस्टरबाईनं सांगितलं की हा धनुर्वात आहे, मातीतला शेणातला जंतू नाळेतून आत जातो. हात स्वच्छ, जागा स्वच्छ, ब्लेड नवं, दोरा स्वच्छ, नाळेवर काहीच लावायचं नाही. त्या रात्री माय जेवली नाही. मी लहान होती पण मला आठवते, अंथरुणात बसून ती एकेका घरचं नाव घेत होती, याचं पहिलं, त्याचं दुसरं. इहीनबाई "किती" विचारतात ना, मायला किती ते माहीत आहे आणि कोणाकोणाचं तेही माहीत आहे. दुसऱ्या दिवसापासून नाळेला विळा लागला नाही. आजीनं शिकवलेलं एका रात्रीत टाकलं, सासूशी भांडण घेऊन टाकलं. २०१५ मध्ये भारतातून बाळंतपणातला धनुर्वात हटला असं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं, त्यात टीटीच्या इंजेक्शनचा आणि दवाखान्यांचा वाटा मोठाच आहे, पण मायसारख्यांचा काहीच नाही का?

पोरगा म्हणतो, आई इमोशनल होऊ नको, आकडे पाहा. दाखवले त्यानं. लाख जन्मांमागे किती आया दगावतात, तर २०१८ ते २० च्या पाहणीत देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३. महाराष्ट्रात शंभरातली ९५ च्या आसपास बाळंतपणं आता दवाखान्यात होतात. मी काय नाही म्हणते? मी शिक्षक राहिलेली बाई, आकड्यांशी कशाला भांडू. रक्त जायला लागलं की मायच्या हातात काहीच नव्हतं, ती स्वतःच ओरडायची, बंडी जुंपा, मले विचारू नका. घरी बाळंतपण करा असं मायही म्हणत नाही, मीही नाही.

पण तिचं जे बरोबर होतं त्याचं काय? अडलेल्या बाईला ती कधी आडवं पाडून ठेवायची नाही, चालवायची, उकिडवं बसवायची, पाठीला पाठ लावून. बाईची आई नाहीतर बहीण जवळ पाहिजेच. नाळ धडधडते तोवर कापायची नाही, लेकराचं रक्त लेकराले जाऊ द्या म्हणायची. आता डॉक्टरांची पुस्तकंही सांगतात की मिनिटभर तरी थांबा. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं लिहिलं की बाईला हिंडू-फिरू द्या, तिला सोयीचं वाटेल तसं बसू द्या, तिच्या पसंतीचं माणूस जवळ असू द्या. माझ्या सुनेला कळा सुरू असताना तासन्‌तास उताणं झोपवून ठेवलं, आईलाही आत घेतलं नाही, ती एकटी रडत होती हे तिनं मला नंतर सांगितलं. सिझर लागलं ते लागलं, मी त्यातली डॉक्टर नाही. पण सरकारचीच २०१९-२१ ची पाहणी सांगते की देशात सरकारी दवाखान्यात शंभरात १४ सिझर आणि खाजगीत ४७. एवढा फरक बायांच्या अंगात कसा असेल?

आणि राग कशाचा येतो सांगू. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, दवाखान्यात बाळंतपण केलं की पैसे, गावात आशा आली, चांगलं झालं. पण दाईला कोणी एकदा येऊन सांगितलं नाही की बाई, इतकी वर्षं केलं, आता तू हे कर. ट्रेनिंगला बोलावणं बंद, ब्लेड-साबणाची पुडी बंद. आणि २०१८ मध्ये तेच सरकार म्हणते की देशाला मिडवाइफ, म्हणजे शिकलेल्या सुईणी, पाहिजेत, नर्सला १८ महिने शिकवू, बायांना मायेनं वागवू. करा ना, मला आनंदच आहे. फक्त ज्यांनी हे आधी केलं त्यांना विचारायला कोणी गेलं का? गडचिरोलीत डॉ. अभय बंग, राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवलं, दायांनाही सोबत घेतलं, आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले, १९९९ मध्ये डॉक्टरांच्या लॅन्सेट नियतकालिकात छापून आलं. म्हणजे शिकवलं तर होते. आपल्या गावात कोणी शिकवत राहिलं असतं तर माय आज मध घेऊन आली नसती.

आता दुसरं वाक्य, सोडून पुढे आलो. इथं मला तूच पाहिजे, कारण हे तुझ्या वाड्यात घडलं. ते जुनं काढू का? काढतेच.

तुझ्या भावाच्या वेळचं. पायाळू आला तो, पाय आधी, आणि मायनं सुखरूप काढला. पाचवीला तुझ्या आजीनं ज्वारी दिली, लुगडं दिलं, आणि माय गोठ्याजवळ बसून जेवली, घरून नेलेल्या ताटात. आदल्या दिवसापर्यंत तिचे हात तुझ्या आईच्या अंगाला चालत होते, आणि जेवायच्या वेळी गोठा. तू दारात लाडू घेऊन उभी होती आणि काही बोलली नाही. मी तुझ्याशी बोलणं टाकलं. तू म्हणाली आजी जुन्या वळणाची आहे, मी काय करू, आणि मी म्हटलं, तू तुझं ताट घेऊन बाहेर येऊन बसली असती. ते भांडण आपलं नीट मिटलंच नाही, तुझा भाऊच मधे आला. पायाळूच्या लाथेनं उसण जाते म्हणतात ना, पाच वर्षांचा झाला नाही की गाव उसण भरली म्हणून लाथ खायला त्याच्यासमोर पालथं पडायचं, आणि हा लबाड, एका लाथेला एक पेपरमिंट! हेडमास्तर आले होते तर त्यांना म्हणाला, मास्तरले दोन लागतील. आपण दोघी तुळशीमागे बसून तोंड दाबून हसत होतो आणि त्यातच बोलायला लागलो.

पण ते ताट. मी कितीतरी वर्षं समजत होती की तुमच्या भांड्याला विटाळ नको म्हणून माय ताट घेऊन जायची. या आठवड्यात बाल्कनीत तिच्याजवळ बसली तेव्हा तिनं सांगितलं. ५६ साली १४ ऑक्टोबरला माझे आजोबा बाबासाहेबांसोबत दीक्षा घ्यायला इथं नागपुरात होते. परत गेल्यावर वस्तीची बैठक बसली, मेलेली ढोरं ओढायची नाहीत, उष्टं-शिळं घ्यायचं नाही. कोणीतरी म्हणालं दाईचं कामही बंद. तेव्हा आजी उठून म्हणाली, "ढोर अन् लेकरू एक असते का? बाई अडली त म्या जाणार." तिनं ऐकलं नाही कोणाचं. फक्त तेव्हापासून आमच्या घरची दाई वाड्यावर गेली की ताट आपलं न्यायची, म्हणजे कोणी पुढ्यात उष्टं टाकणार नाही. तुझ्या आजीला वाटायचं तिचा नियम चालतो, आणि मायला माहीत होतं की हा आपला नियम आहे. सांग मंगे, हे इहीनबाईला लपवायचं आहे? आपण अपमान सोडला, दाईचं काम त्यात कुठं आलं? ते तर आजीनं भर बैठकीत मागून घेतलं.

आणि तुझी वेळ. माहेरी आली होती, नाला दोन्ही थड्या भरून, रस्ता बंद, आणि माय छत्री टाकून ब्लेड-दोऱ्याची पुडी पदरात बांधून आली. तू सकाळी आजीसमोर म्हणाली, बाई माझ्याजवळ बसून जेवतील, माझ्या ताटात. आजीनं तोंड फिरवलं. मायनं त्या दिवशी आपलं ताट बाहेर काढलं नाही. हे मी कोणाला सांगितलं तर कोणाला काय कळणार, तुलाच कळते.

म्हणून सांगते, मी बोलणार आहे. येत्या रविवारी नामकरण आहे, आधी वंदना, त्रिशरण-पंचशील, मग नाव. मग मी उभी राहून सांगणार की या बाळाची पणजी दाई होती, तिनं काय केलं, काय चुकलं ते कळल्यावर कसं टाकलं, आजी बैठकीत काय म्हणाली, सगळं. पोरगा म्हणतो आई, वाद नको. माय म्हणते, "राहू दे वं, लेकराचा दिवस हाय." सून मात्र रात्री पाणी प्यायला उठली तेव्हा हळूच म्हणाली, बोला तुम्ही, माझ्या आईला मी सांभाळते. तिच्या तोंडून ते ऐकून मला रडू आलं. इहीनबाईचा अपमान होईल असं एक अक्षर काढणार नाही, हे तुझ्यासमोर कबूल करते. पण गप्प बसणार नाही.

तू समोर बसलेली पाहिजे. वाड्यावरची पोरगी पहिल्या रांगेत बसून ऐकते हे मायनं पाहिलं पाहिजे. आणि तुझ्या पोरीला सातवा आहे ना, तिला आण. मायच्या हातावर झालेली पोरगी. माय काही चोळणार नाही, औषध देणार नाही, तपासण्या डॉक्टरच्याच, फक्त तिनं पोटावर हात ठेवून लेकरू कुठं डोकं करून आहे ते सांगावं आणि पोरीनं सोनोग्राफीशी ताडून पाहावं. पैज लावते, जुळेल.

बाकी भाऊजींच्या प्लॉटच्या केसचं काय झालं ते आल्यावर सांग. पोराला हैदराबाद मानवलं का? गुडघ्याचं ऑपरेशन पुढं ढकलू नको. विदर्भ एक्सप्रेसनं आली तर सकाळी उतरशील, पोराला स्टेशनवर पाठवते. पोरीला प्रवास चालतो का हे आधी तिच्या डॉक्टरला विचारून घे, नाही म्हणाले तर तू एकटी ये. येताना जवसाची चटणी आण, मायला तुझ्याच हातची आवडते, माझी तिला तिखट लागते.

तुझी,
बेबी