आठवीच्या वर्गात सहारा घेऊन आलेल्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला घरच्या पत्त्यावर पत्र टाकता आलं असतं, पण हे मुद्दाम सगळ्यांसमोर लिहिते आहे. तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता. इथे तुम्हाला तो बदलता येणार नाही!

पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशात विहिरी आणि बोअरच्या कामावर उमेदीची वर्षं काढलेला माणूस नागपुरात राहतो, एवढंच मला एका सहकाऱ्याकडून कळलं होतं. फोन करून म्हटलं, ‘आठवीला आफ्रिकेचं वाळवंट शिकवायचंय, तासभर याल का?’ तुम्ही विचारलंत, ‘मुलांना आधीच काय काय वाटतंय, ते सांगा.’ पाहुण्या वक्त्याने असं विचारलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. मुलांना वाटत होतं ते असं: सहारा म्हणजे वाळूच वाळू, ती पहिल्यापासून तिथेच आहे, आणि डायनासोर त्या वाळूच्या टेकड्यांवरून हिंडायचे.

मग एका शनिवारी एसटीने वरोऱ्याला उतरून तुम्ही शाळेत आलात. पिशवीतून काढलीत ती फक्त वाळूची छोटी बाटली, काळा कागद आणि दोन भिंगं. नायजरमधल्या सहाऱ्याच्या तेनेरे भागातली चिमूटभर वाळू कागदाच्या एका बाजूला, वर्धा नदीची दुसऱ्या बाजूला. एक शब्द न बोलता पोरांना भिंगं दिलीत. आमच्या नदीचे कण कोनेदार, काही चकाकणारे. तिकडचे गोल गोटीव आणि घासलेल्या काचेसारखे धुरकट. ‘कशामुळे?’ एवढंच विचारून तुम्ही खिडकीपाशी जाऊन उभे राहिलात. वाऱ्याने कण एकमेकांवर आपटून आपटून त्यांचे कोपरे गेले, पाण्यात मात्र त्यांना उशी मिळते, इथवर मुलं स्वतःच पोचली. वेळ लागला, गोंधळही झाला, पण मधे पडायचं नाही असं तुम्ही मला डोळ्यांनी बजावलं होतं.

सहारा सुमारे ९२ लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे भारताच्या जवळपास तिप्पट, आणि त्यातला जेमतेम चौथा हिस्सा वाळूच्या टेकड्यांचा. बाकी खडकाळ पठारं, गोट्यांची मैदानं, डोंगर. हे पाठ्यपुस्तकातही सापडतं. तेनेरेच्या झाडाची गोष्ट मात्र तिथे नाही. चहूकडे शेकडो किलोमीटर दुसरं झाड नाही अशा जागी एकटी उभी असलेली ती बाभूळ, १९३८-३९ साली तिच्याशेजारी विहीर खणताना शंभर फुटांहून खाली सापडलेल्या तिच्या मुळ्या, आणि १९७३ साली एवढ्या मोकळ्या वाळवंटात नेमका तिच्यावरच गेलेला ट्रक. पोरं खो-खो हसली. मग आमच्या वर्गातल्या एकाने विचारलं, ‘आमची बोअर दोनशे फुटावर गेली जी, तिथं झाडानं शंभर फूट खाली पाणी कसं शोधलं?’ त्या एका प्रश्नावर तुम्ही अख्खा तास दिलात. कधीकाळी पाणी वर होतं, ते खाली जात गेलं आणि मूळ त्याच्या मागे मागे गेलं, इथून तुम्ही मुलांना सरळ मागच्या काळात नेलंत.

दोरीचा प्रयोग तर आता आमच्या केंद्रातल्या दोन शाळा करतात. ११० मीटरची सुतळी, एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं. आमच्या मैदानात ती मावेना, तेव्हा फाटकातून बाहेर काढून रस्त्यावर नेली. सुतळीच्या पार टोकाला तुम्ही मुलांना उभं केलंत आणि म्हणालात, हे नायजरचं गादूफावा, ११ कोटी वर्षांपूर्वीचं. इथे वाळवंट नाही, नद्या आहेत, आणि नदीत सारकोसुकस आहे. त्या मगरवर्गीय प्राण्याची कवटी १.६ मीटर लांब. सुतळी गुंडाळून वर्गात आल्यावर फरशीवर खडूने तेवढी कवटी काढलीत आणि वर्गातल्या सगळ्यांत उंच मुलीला त्यात आडवं व्हायला सांगितलंत. ती पुरती आत मावली, वर वीतभर जागा उरली. अख्खा प्राणी किती लांब असेल, याचे शास्त्रज्ञांचे अंदाज साडेनऊ मीटरपासून बारा मीटरपर्यंत बदलत आले आहेत, हेही तुम्ही लपवलं नाहीत. आधीचा अंदाज का बदलला, यावर मुलांनी जे तर्क लढवले ते ऐकून मला वाटलं, परीक्षेत यावर दहा गुण ठेवावेत. अर्थात ते माझ्या हातात नाही.

आणि हे सगळं कोणाला कसं सापडलं, तर १९६४ साली फ्रेंच अणुऊर्जा आयोगाचे भूवैज्ञानिक तिथे युरेनियम शोधत होते, त्यांना हाडं दिसली. मग फिलिप ताके हे जीवाश्मतज्ज्ञ तिथे गेले, आणि पुढे १९९७ आणि २००० साली अमेरिकेचे पॉल सेरेनो. शोधायला गेले एक आणि मिळालं दुसरं, हे बोअर खणणाऱ्या माणसाला नवं नसतं, असं म्हणून तुम्ही हसलात.

मला सगळ्यांत जास्त ऋणी केलंत ते नायजरसॉरसच्या दिवशी. लांब मानेच्या डायनासोरांच्या कुळातला, पण जबड्याचं टोक सरळ आडवं कापल्यासारखं, आणि त्या काठावर दातांच्या रांगा, वापरातले आणि त्यांच्यामागे तयार असलेले मिळून पाचशेच्या वर. एकेका जागचा दात साधारण १४ दिवसांत बदलायचा. ‘चौदाच कशावरून?’ असं मागच्या बाकावरून आलं. तेव्हा तुम्ही ठोकून दिलं नाहीत. पुढच्या आठवड्यात पोस्टाने चित्र आलं: दात आडवा कापला की आत रोजच्या वाढीच्या बारीक रेषा दिसतात, त्या मोजायच्या, आणि एकाच जागच्या एकामागच्या एक दातांमधला फरक काढायचा. ते चित्र वर्गात लावलेलं आहे, चहाच्या डागासकट.

पण त्या दिवशीचा खरा प्रश्न दुसराच होता. गुरं राखणाऱ्या घरातली एक मुलगी म्हणाली, अशा तोंडाने हा गायीसारखा गवतच खात असणार. तुम्ही म्हणालात, त्या वेळी तिथे तो खायचा ती जमिनीलगतची नेचे आणि तशीच वनस्पती असावी, आजच्यासारखी कुरणं तेव्हा नव्हती. ‘मंग गवत कधी आलं जी?’ तुम्ही नकाशावर आफ्रिकेवरचं बोट उचललंत आणि आमच्याच तालुक्यावर ठेवलंत. पिसदुरा! लामेटा नावाच्या खडकांच्या थरांमधलं, डायनासोरच्या शेवटच्या दिवसांतलं, दख्खनच्या लाव्हाच्या काळाच्या जवळचं. तिथे सापडलेल्या डायनासोरच्या अश्म झालेल्या शेणात गवताच्या पेशींतले वाळूसारखे कण मिळाले, आणि २००५ साली ते ‘सायन्स’ या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं. डायनासोर गवत खात होते याचा तो पहिला थेट पुरावा. पुढे २०११ साली त्याच शेणातून भाताच्या कुळातलं गवतही ओळखलं गेलं. वर्ग क्षणभर गप्प, आणि मग एकच कल्ला. पिसदुऱ्याला ज्याचे मामा राहतात त्या मुलाचा भाव त्या दिवसापासून जो वधारला तो अजून उतरलेला नाही.

हा दुवा तुम्ही ओढूनताणून आणला नाहीत. सहारा शिकताना मुलीने गवताचं विचारलं आणि उत्तर घराजवळ निघालं, एवढंच. भारत, मादागास्कर, आफ्रिका, दक्षिण अमेरिका हे सगळे गोंडवना नावाच्या एकाच प्राचीन महाखंडात होते, सारकोसुकसचा भाऊबंद ब्राझीलमध्येही मिळाला, सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी आपण मादागास्करपासून सुटलो, हे सगळं त्यानंतर मुलांनी स्वतःहून मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी सुतळीवर ८८ मीटरची खूण त्यांनीच केली.

सुतळीच्या अलीकडच्या टोकाचं काम तुम्ही भोवऱ्यावर केलंत. फिरता फिरता भोवरा जसा डुलतो तसा पृथ्वीचा अक्षही डुलतो. त्यामुळे सूर्य सर्वांत जवळ कोणत्या ऋतूत येतो, हे साधारण १९,००० ते २३,००० वर्षांच्या फेऱ्यात बदलत राहतं. आज तो जानेवारीत जवळ असतो. सुमारे ११,००० वर्षांपूर्वी तो उत्तरेकडच्या उन्हाळ्यात जवळ होता. जमीन जास्त तापली, मोसमी पाऊस उत्तरेकडे पुढे सरकला आणि सहाऱ्यात तळी भरली. आपला पाऊसही तेव्हा जोरदार होता. गेल्या पाच-साडेपाच हजार वर्षांत ते पुन्हा आटलं. नायजरमध्येच गोबेरोला, सेरेनोंची माणसं डायनासोर शोधत असताना, २००० साली तळ्याकाठची माणसांची थडगी सापडली. एका बाईशेजारी दोन लहान मुलं, हातात हात. सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीची. सुतळीवर ती जागा तुम्ही नखाने दाखवलीत: अर्धा सेंटिमीटर. गादूफावाचे डायनासोर ११० मीटर दूर आणि ही मुलं नखाएवढ्या अंतरावर! पुस्तकातल्या कालरेषेवर मला हे कधी दाखवता आलं नसतं.

एक गोष्ट मात्र मला विसरता येणार नाही. एकाने विचारलं, तुम्ही तिथून एखादं हाड का नाही आणलं? तुम्ही जरा कडक आवाजात म्हणालात, ‘ते नायजरचं आहे. पिसदुऱ्याचं कोणी पिशवीत घालून नेलं तर चालेल का तुम्हाला?’ पुढच्या सुट्टीत मामाकडे गेलेल्या मुलाने शेतात दिसलेला एक विचित्र दगड जागचा हलवला नाही. शेजारी चप्पल ठेवून मोबाइलवर फोटो काढला आणि मला पाठवला. चप्पल मापासाठी. हे मी शिकवलेलं नाही.

तो फोटो या पत्रासोबत तुम्हाला वेगळा पाठवते आहे. दगड साधा असेल तर तसं सांगा, पोराला चालेल; फक्त कशावरून ते लिहा, नाहीतर तो तुम्हाला सोडणार नाही. आणि थंडीत या. एसटीचं तिकीट शाळेने काढायचं ठरलं आहे, त्यावर वाद घालायचा नाही. काकूंना नमस्कार.

आपली,
आठवीची भूगोलाची बाई
वरोरा तालुका, जि. चंद्रपूर