आप्पा, या येळवशीला पान्ह्याची पिशवी घरी ठेवून या

आदरणीय आप्पांना,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला समोर बसवून आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं बरं, चहा टाका" म्हणून विषय मोडता. म्हणून लिहितोय, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघडं लिहितोय. तुमची नात मोबाईलवर वाचून दाखवील. मधेच उठून कुणाची मोटर बघायला जाऊ नका.

मोटरपासूनच सुरुवात करतो. लातुरात आठवड्याचे वार कॅलेंडर सांगत नाही, नळ सांगतो. नळ आला की त्या दिवशी कपडे, त्या दिवशी फरशी, त्या दिवशी पाहुण्यांना "या की" म्हणायचं. हौद भरून घ्यायचा आणि लगेच मोटर लावून वरची टाकी भरायची, कारण वर नीटची तयारी करणारी दोन पोरं भाड्यानं राहतात आणि त्यांच्या अंघोळी कोचिंगच्या वेळेला बांधलेल्या. अशा एका सकाळी हौद काठोकाठ भरलेला, मोटर घरघरतेय आणि टाकीत थेंब नाही. त्याआधी एक मिस्त्री येऊन गेला होता. त्यानं मोटरला हातही न लावता, दारातूनच आवाज ऐकून, "वायंडिंग गेलंय, नवी घ्या" असं सांगितलं होतं आणि दुकानाचा पत्ताही देऊन गेला होता.

तुम्ही आलात, मोटर आधी बंद केलीत. "पाणी नाही, हवा ओढूलालीय ही. कोरडी फिरवू नका, सील जळतंय," एवढंच बोललात. मग वरचं बूच उघडून हिच्याकडून तांब्याभर पाणी मागून घेतलंत आणि आत ओतलंत. पाणी गटागटा खाली गेलं. दुसरा तांब्या ओतलात, तोही गेला. तेव्हा तुम्ही हिला जवळ बोलावून म्हणालात, "बाई, बघा. पाणी इथं थांबलं असतं तर फूटवॉल चांगला. थांबत नाही म्हंजी खालून गळूलालाय." पाईप वर ओढला. फूटवॉलच्या, म्हणजे पाईपाच्या खालच्या टोकाच्या झडपेच्या, पडद्यात शाम्पूच्या पुडीचा फाडलेला कोपरा अडकला होता, नखाएवढा. तो काढलात, पडदा बोटानं दोनदा वरखाली करून बघितलात, परत बसवलंत, पाणी भरलंत, आणि टाकीत धार पडल्याचा आवाज आला. किती द्यायचे विचारलं तर म्हणालात, "कशाचे? झालंच काय होतं?"

तो कोपरा कुणाच्या पुडीचा यावर घरात अजून वाद चालू आहे. वरची पोरं म्हणतात ते बाटली वापरतात. ही म्हणते ती शिकेकाई लावते. राहिलो मी, आणि माझं डोकं बघितलं तर संशयाला जागा नाही.

"झालंच काय होतं" हे तुमचं वाक्य मला आभाराला सगळ्यात मोठं वाटतं. मोडलेली वस्तू दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत. वस्तू मोडलेलीच नाही असं सांगून खिशात हात न घालू देणारा माणूस आमच्या गल्लीला मिळाला.

पोळ्याचा दिवस आठवा. घरी माझी बहीण, भाऊजी, त्यांची पोरं. पुरण पाट्यावर वाटायचं कुणी, म्हणून मिक्सरमध्ये घातलं. डाळ घट्ट, भांडं गळ्यापर्यंत भरलेलं. मिक्सर एकदा कण्हला आणि गप्प झाला. बटण फिरवून बघितलं, दुसऱ्या प्लगात लावून बघितलं, भाऊजींनी वरून एक चापट मारून बघितली. भाऊजी नांदेडचे, त्यांचा चापटीवर विश्वास आहे. शेवटी हिनं तुम्हाला फोन लावला. तुम्ही कुणाच्या तरी बोअरवर होता, मागं कंप्रेसरचा आवाज येत होता. ओरडून सांगितलंत, "भांडं काढा. मिक्सर उलथा करा. बुडाला लाल गुंडी हाय. पाच मिनिटं थांबा, मग दाबा. अन् पुरण थोडं थोडं घाला वो बाई." लाल गुंडी होती. इतकी वर्षं ओट्यावर असलेल्या मिक्सरचं बूड आमच्यापैकी कुणी बघितलंच नव्हतं. लोड वाढला की ती आपणहून बाहेर येते आणि आतली मोटर वाचवते, हे तुम्ही संध्याकाळी पुरणपोळी खायला आलात तेव्हा सांगितलंत. पोळीवर तूप जास्त वाढलं होतं ते त्याचंच.

पंखा मंद झाला तेव्हाही तसंच. मी नवा पंखा बघायला निघालो होतो, तुम्ही अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर बदललात आणि पंखा कॅलेंडरची पानं फडफडवायला लागला. हे काम थोडक्यात सांगतो, कारण तुम्हीही ते थोडक्यातच उरकलं होतं, चहा गार व्हायच्या आत.

कूलरचं मात्र सविस्तर लिहिणार. एप्रिलात दुपारी पत्रा तापतो, लू सुटते, तेव्हा आपल्याकडं लोखंडी कूलरशिवाय माणूस टिकत नाही. धाकट्या पोरानं कूलरला हात लावला आणि "मुंग्या आल्या" म्हणाला. आम्हाला वाटलं हात अवघडला असेल. तुम्ही त्या वेळी बाहेर शेजाऱ्यांची टाकी जोडत होता, आमच्याकडं आलाही नव्हता. "मुंग्या" हा शब्द भिंतीपलीकडून तुमच्या कानावर गेला आणि तुम्ही पायात चप्पल न घालता... नाही, उलट, चप्पल घालूनच घरात शिरलात, पहिल्यांदा. देव्हाऱ्यासमोरून चप्पल घालून गेलात म्हणून आई काही बोलणार तेवढ्यात कूलरच्या पत्र्याला टेस्टर टेकवलात, तो टेकताच पेटला. त्याबरोबर मेन स्विच खाली केलात. पंपाची वायर कडेच्या पत्र्यावर घासून सोलली होती आणि पाण्यात भिजत होती. वर कुणीतरी तीन पिनांचा प्लग कापून दोन पिनांचा लावलेला. अर्थिंगच नाही म्हटल्यावर करंट जाणार कुठं, तर पोराच्या हातातून.

त्या दिवशी तुम्ही रागावलात. तुमचा राग आम्ही तेवढा एकदाच बघितला. वायर बदललीत, तीन पिनांचा प्लग बसवलात, बोर्डाला अर्थिंग येतं का ते तपासलंत, आणि घरातल्या प्रत्येकाकडून, आईकडूनसुद्धा, वदवून घेतलंत की पाणी भरताना आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून चालणार नाही. आई ते अजून आरतीसारखं म्हणते. चपलेचं ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तुमच्या घरी लिंबाच्या लोणच्याची बरणी पोचली ती तिच्याकडूनच.

जाता जाता तुम्ही समोरचं दार उघडून ठेवायला सांगितलंत. आम्ही गारवा बाहेर जाऊ नये म्हणून सगळं बंद करून बसायचो आणि तासाभरात अंग चिकचिक व्हायचं. "कोरडी हवा पाणी पिती म्हणून गार होती. आतली वल बाहेर जाऊ द्या, नवी कोरडी येऊ द्या," म्हणालात. मृगाचा पाऊस पडल्यावर तोच कूलर का कामाचा राहत नाही, हेही त्यातच आलं. दहावीच्या विज्ञानात बाष्पीभवन मला दोन मार्कांना होतं. ते दोन मार्क तुम्ही दिलेत असं समजतो.

आता एक तक्रार. तुम्ही शिकवलंत ते हिला, मला नाही. ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, रोज एसटीनं जाऊन येऊन करते, घरी येते तेव्हा थकलेली असते, तरी तुम्ही काम करताना शेजारी उभी राहते आणि प्रश्न विचारते. मी बॅटरी धरायला असतो, आणि ती पण तुम्ही "जरा इकडं, जरा तिकडं" करत माझ्या हातातून काढून घेता. परिणाम असा की टेस्टर आता हिच्या पर्समध्ये असतो. वरच्या पोरांच्या खोलीत पाणी तापवायचा रॉड लावला की खाली एमसीबी पडतो, हे हिनंच हुडकलं. कुकरची शिट्टी होईना तर वजनाखालची नळी सुईनं साफ करते. तक्रार एवढ्यासाठी म्हटलं की शेजारणी मला विचारतात, "मग तुम्ही काय करता?"

मी काय करतो ते सांगतो, कारण त्याचेही आभार तुमच्याकडंच येतात. आपल्या गंजगोलाईच्या गोल बाजारातून सोळा रस्ते फुटतात. माझा रविवार त्यातल्या कुठल्या तरी एका रस्त्यावर वॉशर, नाहीतर नळाचा स्पिंडल, नाहीतर मिक्सरचा कपलर शोधण्यात संपायचा. आता मी गोलाईत जातो ते भजी खायला. दुपारी वरच्या पोरांशी कॅरम खेळतो, ती फिजिक्सचे कोन लावतात आणि तरी हरतात. मॅच असली तर बघतो, नसली तर पेपर तोंडावर घेऊन पडतो. ज्यांना हा आळस वाटतो त्यांनी 2016 चा उन्हाळा लातुरात काढलेला नाही. त्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हा सुट्टी म्हणजे टँकरची रांग. तुम्ही त्या दिवसांत गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या टाक्या जोडून देत फिरायचात, हे मला फार नंतर कळलं, तेही तुमच्याकडून नाही.

आणि आपली नळदुर्ग किल्ल्याची सहल! बोरी नदीला पाणी होतं, धबधबे कोसळत होते, बंधाऱ्याच्या पोटात बांधलेल्या पाणी महालाच्या वरून नदी चाललेली आणि आत आपण कोरडे उभे. लोक सेल्फी काढत होते. तुम्ही भिंतीला तळहात लावून फिरत होता. शेवटी म्हणालात, "सर, आपला बाथरूमचा स्लॅब दोन वर्षांत गळतो. ह्यांनी चुना कोणता वापरला असंल?" आदिलशाहीच्या मिस्त्रीला असली दाद कुणी दिली नसेल.

तर मुद्द्याचं. येळवस, म्हणजे वेळ अमावस्येला सगळं गाव शेतात जेवायला जातं तो सण, जवळ आली. दरवर्षी तुम्ही म्हणता, "त्या दिवशी गाव रिकामं असतंय, कुणाचं काही बिघडलं तर?" गाव रिकामं असलं की वापरणारं कुणी नसतं, बिघडेल कसं? यंदा आमच्या शेतात यायचं. शेतात कडब्याची कोप घातलीय, आई भज्जीला तूर, वाटाणा, पातीचा कांदा आताच मोजायला लागलीय, आंबिलीचा माठ धुऊन पालथा घातलाय, बाजरीचे उंडे होतील, खीर होईल. काकूंना, लेकीला, नातीला, सगळ्यांना घेऊन या. गाडी सकाळी आठला तुमच्या दारात येईल आणि पुढची सीट तुमची.

पान्ह्याची पिशवी आणू नका. त्या आठवड्यात शेताला लाईट रात्रीचीच आहे, त्यामुळं दिवसा मोटर बघायचा प्रश्नच येत नाही.

तुमचा,
गल्लीच्या टोकाच्या घरातला सर

ता. क. ही म्हणतेय, पिशवी नको, पण तुमचा तो लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर दोन दिवसांसाठी हवाय. कशाला ते तिनं मला सांगितलेलं नाही.